अपडेटनंतर बॅटरी लवकर का उतरते?

फोनचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरू लागली, तर त्यामागे साधारणपणे चारांपैकी एखादे कारण असते: अपडेटनंतर उरलेले तात्पुरते काम, नव्या सोयींचा कायमचा खर्च, एखाद्या अ‍ॅपमधला बिघाड, किंवा अपडेटच्या आधीच थकलेली बॅटरी. चारही बाबतींत दिसते ते सारखेच. फोन तापतो, टक्के भराभर घसरतात आणि संध्याकाळपर्यंत पुरणारे चार्जिंग दुपारीच संपते. उपाय मात्र प्रत्येक कारणाचा निराळा आहे. त्यामुळे घाईने बॅटरी बदलण्याआधी किंवा फोन रीसेट करण्याआधी कारण ओळखणे महत्त्वाचे ठरते.

आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी असते. तिचे सरासरी व्होल्टेज ३.८५ धरले, तर तिच्यात सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. नऊ वॅटचा एलईडी बल्ब एवढ्या ऊर्जेवर जेमतेम दोन तास जळेल. इतक्या तुटपुंज्या शिध्यावर फोन दिवसभर चालतो, कारण स्क्रीन बंद झाली की त्याचे बहुतेक भाग झोपी जातात. अपडेटमुळे बॅटरीची साठवण सहसा घटत नाही. घटते ती ही झोप. पडद्यामागे एखादे काम सतत अर्धा वॅट खात राहिले, तर आठ तासांत चार वॅट-तास, म्हणजे बॅटरीचा पाचवा हिस्सा, फोन खिशातून बाहेर न काढताही खर्च होतो.

पहिले दोन-तीन दिवस

मोठे अपडेट बसले आणि फोन सुरू झाला, तरी काम संपलेले नसते. आयफोनमध्ये शोधासाठी सगळ्या मजकुराची सूची नव्याने तयार होते आणि हजारो फोटोंमधले चेहरे व वस्तू पुन्हा तपासल्या जातात. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपचे कोड त्या फोनच्या प्रोसेसरला जुळेल अशा रूपात आधीच तयार करून ठेवलेले असतात. मूळ प्रणाली बदलली की ते पुन्हा तयार करावे लागतात. जुन्या अँड्रॉइड फोनवर अपडेटनंतर अ‍ॅप ऑप्टिमाइझ होत असल्याची आकडेवारी मोजणारा पडदा बराच वेळ अडून राहायचा. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून यातले बरेचसे काम पडद्यामागे गेले. फोन लवकर हाती येऊ लागला, पण ऊर्जेचा काही खर्च नंतरच्या तासांवर ढकलला गेला. त्यातच नव्या प्रणालीशी जुळवून घेण्यासाठी अनेक अ‍ॅपचे स्वतःचे अपडेटही याच काळात उतरतात.

कोणते अ‍ॅप किती वेळा वापरले जाते हे पाहून बाकीच्यांना लगाम घालणारी ‘अ‍ॅडॅप्टिव्ह बॅटरी’ ही सोय २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये आली. मोठ्या बदलानंतर अशा व्यवस्थेला वापराची सवय पुन्हा ओळखायला थोडा काळ लागू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ आले, तेव्हा अ‍ॅपलनेच सांगितले की मोठ्या अपडेटनंतर बॅटरी आणि तापमान यांवर तात्पुरता परिणाम जाणवू शकतो. ही कामे बहुतांशी फोन चार्जिंगला लावलेला आणि निवांत असताना उरकली जातात. म्हणून दोन-तीन रात्री फोन वायफाय चालू ठेवून चार्जिंगला लावणे, हा या पहिल्या कारणावरचा पुरेसा उपाय आहे.

नव्या सोयी, नवा खर्च

काही खर्च मात्र ओसरत नाही, कारण अपडेटने फोनला नवे कामच दिलेले असते. भारतातले याचे ठळक उदाहरण ५जीचे आहे. देशात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. त्या वेळी लोकांच्या हातातल्या अनेक फोनमध्ये ५जीचे रेडिओ होते, पण भारतातल्या जाळ्यांसाठी ते सॉफ्टवेअरने खुले केलेले नव्हते. ते अपडेटद्वारे खुले झाले. आयफोनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६.२ ने हे काम केले. एका अपडेटने फोनचा वेग वाढला, आणि बॅटरीवर नवा बोजाही आला.

हा बोजा जाळ्याच्या रचनेवर अवलंबून असतो. एअरटेलने सुरुवातीला ४जीच्या आधारावर चालणारे ५जी उभारले. त्यात फोनला ४जी आणि ५जी अशी दोन्ही जोडणी एकाच वेळी सांभाळावी लागते. जिओने ५जीचे गाभ्यापासून वेगळे जाळे निवडले; तिथे हा दुहेरी भार कमी असतो. मात्र रेंज कमकुवत असेल, तर दोन्हीकडे फोनला टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त जोराने प्रक्षेपण करावे लागते आणि जाळी पुन्हा पुन्हा शोधावी लागतात.

बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातल्या प्रवाशाला हा फरक चटकन जाणवू शकतो. बदलापूर स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. बदलापूरच्याच सोनिवली भागातून स्थानक गाठून मुंबईची लोकल पकडणाऱ्याचे जाऊन-येऊन तीन तासांहून अधिक प्रवासातच जातात. धावत्या गाडीत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उडी घेत राहतो, आणि लोखंडी डब्यात रेंज आणखी मंदावते. अशा मार्गावर ५जी घटकेत येऊन घटकेत जात असेल, तर प्रवासापुरते नेटवर्क ४जीवर ठेवल्याने बॅटरी वाचते.

त्यात उन्हाळ्याची भर पडते. बदलापूर परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अ‍ॅपल आयफोनच्या वापरासाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस ही भोवतालच्या तापमानाची मर्यादा सांगते. तापलेली बॅटरी लवकर जुनी होते. शिवाय उन्हात वाचता यावे म्हणून स्क्रीनचा उजेड वाढतो, तो खर्च वेगळाच. उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्या अपडेटच्या माथी ऋतूचा दोषही मारला जातो तो यामुळे.

आधीच थकलेली बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीची साठवण प्रत्येक चार्जिंगगणिक किंचित घटते. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी आखलेली आहे. आयफोन १५ पासून हा आकडा १,००० आवर्तनांचा आहे. रोज एकदा पूर्ण चार्ज होणारा फोन ५०० चा टप्पा दीड वर्षाच्या आत गाठतो. क्षमता घटते तसा बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो. प्रोसेसरने अचानक जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळते आणि २०-३० टक्के दिसत असतानाच फोन बंद पडतो. अपडेटनंतरच्या जादा कामाने हा जुना दोष उघड होतो आणि ठपका अपडेटवर बसतो.

हा ठपका नेहमीच चुकीचा असतो असे नाही. जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये अ‍ॅपलने जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग कमी करण्याची व्यवस्था घातली, पण ती ग्राहकांना नीट सांगितली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ते उघडकीला आले. कंपनीला माफी मागावी लागली, २०१८ साली बॅटरी बदलण्याचा दर कमी करावा लागला आणि आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारा पडदा द्यावा लागला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अ‍ॅपलला एक कोटी युरो, तर गॅलेक्सी नोट ४ च्या अपडेटवरून सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अ‍ॅपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला.

अपडेटने साठवणच कमी केल्याचीही उदाहरणे आहेत. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए फोनला, तर जुलै २०२५ मध्ये ४०० आवर्तने ओलांडलेल्या पिक्सेल ६ए फोनला असे अपडेट दिले. ६ए बाबत बॅटरी अतिशय तापण्याचा धोका टाळणे हा उद्देश कंपनीने जाहीर केला होता. अशा फोनमध्ये बॅटरी लवकर संपणे हा अपडेटचा थेट आणि हेतुपुरस्सर परिणाम असतो.

कारण कसे ओळखावे

पहिला निकष काळाचा. दोन-तीन दिवसांत खर्च पूर्वपदावर आला, तर कारण तात्पुरते होते. आठवड्यानंतरही तीच तऱ्हा असेल, तर सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर कोणत्या अ‍ॅपने किती टक्के खाल्ले ते पाहावे. फारसे न वापरलेले अ‍ॅप यादीत वर असेल, तर ते अद्ययावत करावे, नाही भागले तर काढून पुन्हा घालावे. ठिकाणाची माहिती सतत घेण्याची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला आहे, हेही तपासावे; अपडेटनंतर काही सेटिंग बदललेली आढळू शकतात. चालू अ‍ॅप वारंवार पुसून बंद केल्याने मात्र सहसा बचत होत नाही, कारण तीच अ‍ॅप पुन्हा मुळापासून सुरू करायला जास्त ऊर्जा लागते.

कोणतेही अ‍ॅप दोषी दिसत नसेल, तर रात्रीची चाचणी उपयोगी पडते. झोपताना टक्के टिपून फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावे. दुसऱ्या रात्री नेटवर्क चालू ठेवून तेच करावे. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर दोष रेंजचा किंवा नेटवर्कवरून काम करणाऱ्या अ‍ॅपचा. त्या वेळी नेटवर्क सेटिंग रीसेट करून पाहावे. फोन पूर्ण रीसेट करणे हा शेवटचा मार्ग, आणि तोही सगळ्या माहितीचा बॅकअप घेतल्यावरच.

क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल, तर सेटिंग बदलून फारसे साधत नाही. बॅटरी बदलणेच योग्य. ती अधिकृत सेवा केंद्रातून बदलल्यास तापमान आणि चार्जिंगवर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट खात्रीचे मिळते. बॅटरी फुगून फोनची पाठ उचलली गेली असेल, तर चार्जिंग ताबडतोब थांबवावे. तिला टोचणे किंवा दाबणे आगीला निमंत्रण ठरते. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन केंद्राकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

बॅटरीच्या भीतीने अपडेटच टाळणे मात्र महागात पडू शकते. त्याच अपडेटमध्ये सुरक्षेतल्या त्रुटींची दुरुस्ती असते, आणि बँकेचे व्यवहार त्याच फोनवरून होतात. बॅटरी खाणाऱ्या चुकाही बहुधा पुढच्या छोट्या अपडेटमध्येच सुधारल्या जातात. तरीही कंपनीकडून दाद मिळाली नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवता येते. या नोंदी वाया जात नाहीत. आयओएस १८ आणि त्यापुढच्या अपडेटनंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी याच हेल्पलाइनवर आल्या होत्या. त्यांवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणामार्फत अ‍ॅपलला नोटीस पाठवून खुलासा मागितल्याचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले.