मशीन बंद पडली, मग तक्रार कुठे?

28 मे 2018. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होऊन चौथा दिवस. नाना पटोले यांनी डिसेंबर 2017मध्ये भाजप आणि खासदारकी दोन्ही सोडली, त्यामुळे भंडारा-गोंदियात लोकसभेची पोटनिवडणूक लागली होती. सकाळपासूनच बूथाबूथांवरून एकच ओरड येऊ लागली: मशीन बंद पडली. रांगा उन्हात खोळंबल्या, काही लोक कंटाळून घरी परतले. 35 केंद्रांवरचं मतदान रद्द झाल्याची बातमी पसरली आणि निवडणूक आयोगाला ती खोडून काढावी लागली. राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांनी यंत्रांवर संशय घेतला, मतपत्रिकांची मागणी पुढे आली. अखेर 30 मे रोजी 49 केंद्रांवर फेरमतदान झालं आणि गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांना हटवण्यात आलं.

बंद नेमकं काय पडलं होतं? बूथवरची ‘मशीन’ म्हणजे तीन वेगळी यंत्रं. मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट. केंद्राध्यक्षाजवळचं, मतं साठवणारं ते कंट्रोल युनिट. आणि चिठ्ठी छापणारं ते व्हीव्हीपॅट. म्हणजे मुळात एक छोटा प्रिंटर. पहिली दोन यंत्रं 1982मध्ये केरळमधल्या परवूरच्या प्रयोगात पहिल्यांदा वापरली गेली. व्हीव्हीपॅट मात्र 2013मध्ये नागालँडच्या नोक्सेनमध्ये पहिल्यांदा वापरलं गेलं. भंडाऱ्यात रुसला तो मुख्यतः हा प्रिंटर. इथली सुमारे 19 टक्के व्हीव्हीपॅट बदलावी लागली. आयोगाने कारण दिलं ते असं: खोलीत जास्त उजेड आला की आतले सेन्सर गोंधळतात. पुढे सेन्सरवर छोटं झाकण बसवण्यात आलं आणि ओल न धरणारा कागद वापरायचं ठरलं. ज्या यंत्राने शंका मिटवायची, त्यानेच सर्वात मोठी शंका उभी केली!

नियमाप्रमाणे मतदान चालू असताना फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात. साठलेल्या मतांना धक्का लागत नाही. बॅलट किंवा कंट्रोल युनिट बिघडलं तर तिन्ही यंत्रांचा संच बदलून पुन्हा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घेतात. रांगेतल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की अधिकारी पेटी घेऊन आला आणि पेटी घेऊन गेला. माझ्या मते त्या दिवसाची निम्मी अफवा इथेच जन्मली.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, 3 जुलै 2018ला, आयोगाने तक्रारींसाठी ‘सी-व्हिजिल’ अ‍ॅप आणलं. पैसे, दारू, साड्या वाटताना दिसलं की तिथल्या तिथे फोटो किंवा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवायचा. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, ठिकाण जीपीएस आपोआप नोंदवतं आणि नाव लपवायची मुभा असते. भरारी पथकाने 15 मिनिटांत पोहोचायचं, एकूण 100 मिनिटांत निकाल लावायचा. सोय चांगलीच आहे, पण ती आचारसंहितेच्या भंगासाठी. बंद मशीनची तक्रार हे अ‍ॅप घेत नाही. त्यासाठी 1950 हा क्रमांक किंवा आयोगाचं तक्रार पोर्टल आहे. मतदानाच्या दिवशी मात्र सगळ्यात जवळचा माणूस केंद्राध्यक्षच, आणि त्याच्याकडे लेखी दिलेलं टिकतं.

याहून नाजूक तक्रार म्हणजे ‘बटण एकाचं दाबलं, चिठ्ठी दुसऱ्याची आली.’ ती चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. त्यासाठी निवडणूक संचालन नियमांतला नियम 49 एमए आहे. मतदाराने लेखी घोषणा द्यायची, मग केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या एजंटांसमोर त्याच्याकडून चाचणी मत टाकून घेतो. आरोप खरा निघाला तर त्या यंत्रावरचं मतदान थांबतं. खोटा निघाला तर मतदारावर फौजदारी कारवाई होऊ शकते. मूळ घोटाळा दुसऱ्या मताला पुन्हा घडेलच असं नाही, तरी जोखीम सगळी मतदाराचीच. ही तरतूद खोडसाळपणा रोखते हे मान्य, पण प्रामाणिक माणसालाही ती गप्प बसवते. सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024च्या निकालात यंत्रातला मायक्रोकंट्रोलर तपासून घेण्याचा मार्ग खुला केला, तोही दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालापासून सात दिवसांत. मतदाराला नाही.

जाता जाता एक आठवण. भंडाऱ्याच्याच 1954च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि हरले. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. मत कुठे पडलं हे डोळ्यांना दिसायचं, तरी पेट्यांवरचा संशय काही चुकला नव्हता.

2018चा निकाल 31 मे रोजी लागला. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे भाजपचे हेमंत पटले यांच्यापेक्षा 48 हजारांहून जास्त मतांनी पुढे राहिले. ज्यांनी यंत्रावर बोट ठेवलं होतं तेच जिंकल्यामुळे वाद ओसरला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 58 खाली फेरमतदान मिळालं ते त्या 49 केंद्रांना. बाकीच्या केंद्रांवरून उन्हाने जे आधीच परतले, त्यांच्यासाठी 1950वर किंवा अ‍ॅपवर, कुठेच रकाना नाही.