जुन्या वस्त्रांचें दुकान

जुनें वस्त्र बोहारणीला द्यावें आणि मोबदल्यांत भांडें घ्यावें, ही मराठी घरांतील परिचित रीत आहे. परंतु पेटीच्या तळाशीं आजीची पैठणी निघाली म्हणजे गृहिणी घुटमळते. पुष्कळदां असें वस्त्र जरीच्या खरेदीदाराकडे जातें. तो तें जाळून रुपें काढून घेतो आणि विणकराचे श्रम राखेंत जातात. जुन्या वस्त्रांचा दुकानदार येथेंच उपयोगी पडतो. त्याचा धंदा भांडवलापेक्षां पारखेवर चालतो.

पहिली पारख जरीची. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली रुप्याची तार व तिजवर सोन्याचा मुलामा. कसोटीच्या दगडावर घासतां तांबूस रेघ उमटली, तर आंत तांबें आहे असें समजावें. दुसरी पारख विणीची. हातमागावरील अस्सल पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनीं सारखी दिसते. पाठीमागें सुटे धागे लोंबत असतील, तर विणण्याची रीत निराळी. तिसरी पारख काळाची. पर्किन यानें जांभळा कृत्रिम रंग १८५६ सालीं शोधला. नायलॉनची घोषणा १९३८ सालीं झाली. मूळ विणींत ज्या वस्त्राच्या अंगीं हे पदार्थ आढळतील, तें त्या सालाहून जुनें असूं शकत नाहीं, मग विकणारा कांहींही सांगो.

माल घेतल्यावर रक्षणाची चिंता लागते. जड जरीचें लुगडें टांगून ठेवूं नये. स्वतःच्याच भारानें जीर्ण रेशीम फाटतें. तें स्वच्छ मलमलींत गुंडाळावें, दर दोन-तीन महिन्यांनीं घडी मोडून निराळी घालावी, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागूं देऊं नयेत. कांचेमागें उन्हांत मांडलेलें रेशीम गिऱ्हाइकाचें लक्ष वेधतें खरें, परंतु त्याचा रंग उडतो.

किंमत ठरवितांना खरेदी, रफूची मजुरी आणि माल पडून राहण्याचा काळ, तिन्ही धरावीं लागतात. येथें प्रत्येक वस्त्र एकुलतें एक असतें. विकलें गेलेलें पुन्हां मागवितां येत नाहीं आणि न विकलेलें भांडवल अडकवितें. रफू कोठें केलें आहे, हें चिठीवर स्पष्ट लिहावें.

खरा कस मात्र खरेदीच्या वेळीं लागतो. विकावयास आलेली बाई पुष्कळदां अडचणींत असते. तिला जरीच्या वजनाचा भाव ठाऊक असतो, वस्त्राचा नसतो. दुकानदारानें तिला दोन्ही भाव सांगावे. त्या दिवशीं चार पैसे कमी सुटतील. परंतु शेजारच्या घरांतील पेटी उघडते ती ह्याच विश्वासावर.