पहिलं भांडं, दुसरं भांडं

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत धर्मनिष्ठ ज्यू घरात चूल पेटवत नाहीत आणि अन्न शिजवत नाहीत. या दिवशी, म्हणजे शब्बाथला, वर्ज्य असलेल्या ३९ कामांत शिजवणं येतं. तरी शनिवारचं जेवण गरमच असतं. मांस, बार्ली आणि कडधान्यांचं ‘चोलेंट’ शुक्रवारीच मंद आचेवर चढतं आणि दुसऱ्या दुपारपर्यंत तिथेच राहतं.

पण गार झालेलं अन्न पुन्हा तापवायचं का? यावर धर्मपंडितांनी जो विचार केला, तो मला उष्णतेच्या शास्त्राचा एक सुंदर अध्याय वाटतो. कोरडा पदार्थ एकदा पूर्ण शिजला की तो पुन्हा ‘शिजत’ नाही, असा नियम आहे. म्हणून भाजलेली कोंबडी, काही अटी पाळून, ऊनऊन करता येते. सूप मात्र गार झालं की पुन्हा तापवणं बहुतेकांच्या मते शिजवणंच. मध्ययुगीन धर्मपंडित मायमोनिडीस यांना हा भेद मान्य नव्हता. त्यांना मानणारे येमेनी ज्यू आजही सूप तापवतात.

रसायनशास्त्र कोरड्या पदार्थाच्या नियमाला दुजोरा देतं. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे अंड्याचा पांढरा बलक घट्ट होऊ लागतो, स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. गार केल्यावर अंडं पुन्हा कच्चं होत नाही. पाण्यात उकळूनही असा कायमचा बदल होत नाही. त्याला मिळालेली उष्णता निवताना निघून जाते.

मग शिजवण्याइतकं ‘गरम’ म्हणजे किती? तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचं माप थर्मामीटरच्या कितीतरी आधीचं: तान्ह्या बाळाचं पोट भाजेल इतकं. आधुनिक रब्बींपैकी (धर्मगुरूंपैकी) काहींनी सावधगिरीची खालची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास धरली.

सगळ्यात मार्मिक भेद भांड्यांचा आहे. आचेवरून उतरवलेल्या पहिल्या भांड्यात पदार्थ शिजू शकतो. त्यातलं पाणी दुसऱ्यात ओतलं की सहसा नाही. दोन्हींतलं पाणी सारखंच कढत असेल तर फरक कशाचा? बाराव्या-तेराव्या शतकांतल्या ‘तोसाफोत’ या तालमूदवरच्या टीकेच्या भाष्यकारांनी उत्तर दिलं: पहिल्याच्या भिंती तापलेल्या असतात, त्या ऊब धरून ठेवतात; दुसऱ्याच्या थंड असतात, म्हणून पाणी निवतच जातं. उष्णता-वहनाची ही अचूक जाण आहे.

चहाची पत्ती मात्र चटकन ‘शिजणारी’ मानतात. म्हणून कोणी शुक्रवारीच तिचा अर्क काढून ठेवतात, तर कोणी पाणी आणखी एकदा ओतून तिसऱ्या भांड्यात चहा करतात.