मानवी तस्करी ओळखायची कशी? मनमाडच्या केसमधून वाळूजने घ्यायचा धडा

30 मे 2023 रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून 59 मुलांना खाली उतरवण्यात आलं. 29 मुलं भुसावळला, 30 मनमाडला. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली, 8 ते 17 वर्षांची ही मुलं पुणे आणि सांगलीकडच्या मदरशांत तालीम घ्यायला निघाली होती. त्यांच्यासोबतच्या 5 जणांवर मानवी तस्करीचा, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 370 चा गुन्हा दाखल झाला. प्रवासाची पुरेशी कागदपत्रं नाहीत, असं तेव्हा पोलिसांचं म्हणणं होतं. मदरशाशी संबंधित ही माणसं साधारण चार आठवडे कोठडीत राहिली. मुलं 12 दिवस बालगृहात राहिली, आणि तिकडे गावाकडे आईबाप हवालदिल झाले. नंतर तपासात सगळं पडताळून पाहिल्यावर तस्करीचा पुरावा निघाला नाही. 2024 मध्ये लोहमार्ग पोलिसांनी केस बंद करण्याचा अहवाल दिला. गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता, असं त्यातून समोर आलं.

या केसवर समाजात खूप बोललं गेलं आणि राग येणं साहजिकच होतं. पण रागाच्या पुढे जाऊन एक प्रश्न विचारायला हवा. त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना नेमकं काय शिकवलेलं असतं, तर हे टळलं असतं?

त्याच जिल्ह्यातली दुसरी केस

मनमाड नाशिक जिल्ह्यात येतं. याच जिल्ह्यात, मनमाडच्या घटनेआधी वर्षही झालेलं नव्हतं तेव्हा, सप्टेंबर 2022 मध्ये, इगतपुरी तालुक्यातल्या एका 10 वर्षांच्या कातकरी मुलीचा मृत्यू झाला. थोडे पैसे आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात तिला मेंढ्या राखायला ठेवून घेतलं होतं. तिच्या मृत्यूनंतर चौकशी सुरू झाली आणि तिच्यासारखी आणखी बरीच आदिवासी मुलं शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अशीच राबत असल्याचं उघड झालं. वेठबिगारीचे गुन्हे दाखल झाले.

दोन्ही घटना शेजारी ठेवून बघा. रेल्वेतली मुलं शिकायला चालली होती. ती घोळक्याने होती, टोप्या घातलेली होती, म्हणून लगेच नजरेत भरली. मेंढ्यांमागची मुलं खरोखर विकल्यासारखी राबत होती. ती उघड्या माळावर, रस्त्याच्या कडेला, सगळ्यांच्या समोर होती. त्यांना कोणी थांबवून विचारलं नाही.

प्रशिक्षण लागतं ते याच्यासाठी. चुकीच्या माणसावर बोट जाऊ नये आणि खरा पीडित नजरेतून सुटू नये, ही दोन्ही कामं एकाच शिक्षणातून होतात.

कायदा काय विचारतो?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या कलम 370 च्या जागी आता कलम 143 आहे. मांडणी साधारण तीच आहे आणि ती तीन प्रश्नांत समजते.

पहिला प्रश्न: काय केलं? माणसाला भरती केलं, नेलं, ठेवून घेतलं, दुसऱ्याच्या हवाली केलं की ताब्यात घेतलं?

दुसरा प्रश्न: कसं केलं? धमकी, जबरदस्ती, पळवून नेणं, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर, पैशाचं किंवा कसलं तरी आमिष?

तिसरा प्रश्न: कशासाठी केलं? शोषणासाठी? म्हणजे लैंगिक शोषण, गुलामी, वेठबिगारीसारखं काम, भीक मागायला लावणं, अवयव काढणं?

मनमाडला पहिल्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांसमोर होतं. मुलं नेली जात होती. बाकी दोन प्रश्नांची उत्तरं अररियात आईबापांकडे आणि इकडे मदरशात होती. ती नीट तपासण्याआधीच गुन्हा नोंदवला गेला. मुलं मोठ्या संख्येने प्रवास करताना दिसली तर चौकशी करणं हे रेल्वे पोलिसांचं कामच आहे, त्यात गैर काही नाही. पण चौकशी आणि अटक यांच्यामध्ये आईबापांना एक फोन, मदरशाला एक फोन आणि मुलांशी वेगवेगळं, शांतपणे बोलणं एवढ्या पायऱ्या असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तस्करीच्या गुन्ह्यात पीडिताची संमती ग्राह्य धरली जात नाही. ‘तो स्वतःच्या मर्जीने आला होता’ हा आरोपीचा बचाव चालत नाही. शिक्षाही कडक आहे. प्रौढ माणसाच्या बाबतीत किमान 7 वर्षं, 18 च्या आतल्या मुलाच्या बाबतीत किमान 10 वर्षं, आणि एकापेक्षा जास्त मुलं असतील तर किमान 14 वर्षं. एवढं जड कलम लावताना हात थोडा थांबला पाहिजे, आणि खरी केस असेल तर अजिबात थांबता कामा नये.

वाळूजमध्ये हे कुठे दिसेल?

वाळूज, बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी हा सगळा पट्टा बाहेरून आलेल्या कामगारांवर चालतो. बिहार, उत्तर प्रदेश, विदर्भ, बीड, जालना, परभणी, सगळीकडून माणसं येतात. यातले बहुतेक जण आपल्या मर्जीने, ओळखीतून, पोटासाठी आलेले असतात. परराज्यातला कामगार म्हणजे तस्करीचा बळी, असं मानणं ही मनमाडचीच चूक झाली.

पण 31 डिसेंबर 2023 ची पहाट आठवा. वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या एका कंपनीला आग लागली आणि 6 कामगार गेले. तिथे तस्करी होती असं म्हणण्याला काहीच आधार नाही. मुद्दा वेगळा आहे. कामगार कंपनीतच काम करतात आणि रात्री तिथेच झोपतात, अशा जागा आपल्या भागात आहेत, आणि आत कोण राहतं हे शेजारच्या प्लॉटवाल्यालाही माहीत नसतं. शोषण व्हायला अशीच जागा सोयीची असते.

मराठवाड्याला ‘उचल’ हा शब्द नवीन नाही. ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता सोडता येत नाही. हीच उचल वीटभट्टीवर, हॉटेलात, छोट्या कारखान्यात दुसऱ्या नावाने येते. कर्ज फेडण्यासाठी माणूस बांधला गेला, की 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागू होतो. 1982 मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा संविधानाच्या कलम 23 मधली सक्तीची मजुरीच आहे. साखळदंड दिसलाच पाहिजे असं काही नाही.

म्हणून शंका आली तर हे विचारा:

- आधार कार्ड, एटीएम कार्ड, मोबाईल कोणाकडे आहे?
- पगार खात्यात येतो की कोणा दुसऱ्याच्या हातात जातो? शेवटचा कधी मिळाला?
- घरी फोन कधी केला? तेव्हा शेजारी कोणी उभं होतं का?
- सुट्टीच्या दिवशी एकट्याने बाजारात जाता येतं का?
- उद्या काम सोडून जायचं म्हटलं तर काय होईल?

यातल्या एका उत्तरावरून काही सिद्ध होत नाही. तीन-चार उत्तरं एकाच दिशेने जायला लागली, तर मात्र गप्प बसू नका.

कोणाला शिकवायचं?

प्रशिक्षण म्हटलं की पोलीस आठवतात. पण पीडित माणूस पोलिसांपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या लोकांना भेटलेला असतो. मशीनमध्ये बोट गेलं की तो डॉक्टरकडे येतो. सोबतचा माणूसच सगळी उत्तरं देतो आणि पेशंट खाली बघतो, हे डॉक्टरला आणि नर्सला दिसतं. अशा वेळी ‘तपासणीसाठी बाहेर थांबा’ एवढं सांगून पेशंटशी एकट्याने बोलता येतं. खोली भाड्याने देणारा मालक, रात्रीच्या गाडीवरून माणसं आणणारा रिक्षावाला, कंपनीतला एचआर, ठेकेदाराचा सुपरवायझर, आशाताई, शाळेतले सर, मशिदीचे इमामसाहेब, या प्रत्येकाला थोडं थोडं दिसत असतं. चित्र पूर्ण कोणाकडेच नसतं.

कायद्यानेही जबाबदारी टाकलेली आहे. पालकांशिवाय, आधाराशिवाय दिसलेल्या मुलाची माहिती 24 तासांत कळवणं बाल न्याय कायदा 2015 नुसार बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती दडवली, तर पोक्सो कायद्यात शिक्षा आहे.

ओळखलं, आता पुढे काय?

मालकाला जाऊन जाब विचारू नका. रात्रीतून माणसं दुसरीकडे हलवली जातात. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि त्या मुलाची इज्जतही त्यात जाते. काय पाहिलं, कुठे, किती वाजता, एवढं लिहून ठेवा. मूल असेल तर 1098, तातडी असेल तर 112, महिला असेल तर 181, रेल्वेत असाल तर 139.

मुलाला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. ते मूल आरोपी नसतं. त्याला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, त्याच्यावर ओरडायचं नाही. त्याच्या भाषेत बोलणारं कोणी तरी सोबत हवं. अररियाच्या मुलाला मराठीत प्रश्न विचारले तर तो घाबरून गप्पच बसणार, आणि त्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ काढला जाणार. 2002 मध्ये मुंबईतल्या प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने सांगितलं, की आरोपींच्या बाजूचा वकील सुटका झालेल्या अल्पवयीन मुलींच्या वतीने उभा राहू शकत नाही. मुलाला न्यायला आलेला ‘मामा’ खरंच मामा आहे का, हे तपासणं याचाच भाग आहे.

सुटका झाली म्हणजे काम संपलं असंही नाही. वेठबिगाराला प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळालं पाहिजे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत 1 ते 3 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. थकलेली मजुरी वेगळी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मोफत मिळतो. हे झालं नाही, तर तोच माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या ठेकेदाराकडे उचल घेताना दिसतो.

आपल्या घरातलं काम

मदरशाच्या जिम्मेदारांनी आता एक गोष्ट पक्की करावी. मुलं लांबून आणायची असतील तर प्रत्येक मुलाचं आधार, आईबापांचं सहीचं संमतीपत्र आणि चालू मोबाईल नंबर, मदरशाचं पत्र आणि नोंदणी क्रमांक, मुलांची यादी आणि सोबत जाणाऱ्यांची नावं, असा एक फाईलचा गठ्ठा गाडीत हातात असावा. शक्य असेल तर प्रत्येक गावातला एक तरी पालक सोबत असावा. कायदा पाळूनही त्रास झाला असं नंतर सांगण्यापेक्षा, प्लॅटफॉर्मवरच पाच मिनिटांत खुलासा झालेला बरा.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. गॅरेजमध्ये, बेकरीत, भंगारच्या गोदामात, जरीच्या कामावर बारा-तेरा वर्षांचं पोरगं दिसतं, आणि मालक आपल्याच जमातचा असतो म्हणून आपण बोलत नाही. ‘काम शिकतोय, घरी पैसे जातात’ असं म्हणून पुढे जातो. 14 वर्षांच्या आत कामाला ठेवणं गुन्हा आहे. 18 च्या आतल्या मुलाला बांधून ठेवून राबवणं किंवा त्याची कमाई अडवणं, यासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम 79 मध्ये 5 वर्षांपर्यंत कैद आहे. मजुराचा हक्क मारणं आपल्या दीनमध्ये किती मोठा जुलूम आहे, हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

वाळूजमधल्या मशीद कमिट्या, डॉक्टर मंडळी आणि कामगार संघटनांनी मिळून विधी सेवा प्राधिकरणाकडे एका दिवसाचं शिबिर मागावं. पोलिसांचा मानवी तस्करीविरोधी कक्ष आणि बालकल्याण समितीलाही बोलवावं. त्यात मनमाडच्या 59 मुलांची केस आणि इगतपुरीच्या त्या मुलीची केस, दोन्ही समोर ठेवून चर्चा व्हावी. शिबिराला पोलिसांनी बसावं, आपणही बसावं.