गोल का होत नाही?

(एस. वाय. बी. ए.)

कुस्तीखालोखाल कोल्हापूरचा जीव कशात गुंतला असेल तर तो फुटबॉलमध्ये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा यांचा सामना ठरला की पेठेतल्या कट्ट्यांवर चार दिवस आधी आणि चार दिवस नंतर दुसरा विषय निघत नाही. अशा गावात भारतीय संघाविषयीही बोलले जाणारच. परंतु गेली काही वर्षे या बोलण्याचा शेवट एकाच वाक्याने होतो : "खेळले बरे, पण गोल कुठे आहे?" या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा, म्हणून हा लेख.

प्रथम आकडे पाहू. जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे आशियाई चषक स्पर्धा झाली. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्धच्या तीन सामन्यांत भारताने सहा गोल खाल्ले आणि एकही केला नाही. त्या संबंध वर्षात भारत अकरा सामने खेळला. विजय एकही नाही आणि गोल अवघे चार. २०२६ च्या विश्वचषकासाठीच्या पात्रता फेरीत सहा सामन्यांत तीन गोल झाले. पुढे २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी आली. मार्च ते नोव्हेंबर २०२५ या काळात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर यांच्याशी मिळून पाच सामने झाले, त्यांत दोन गोल. ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्डा येथे सिंगापूरने आपल्याला २–१ असे हरवले आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत ९९ वा असलेला आपला संघ नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२ वा झाला.

आता जे थोडे गोल झाले ते कोणी केले तेही पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये मलेशियाविरुद्ध गोल केला तो राहुल भेके या मुंबईच्या बचावपटूने, कॉर्नरवर डोक्याने. मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध ३–० असा विजय मिळाला, त्यातला पहिला गोल पुन्हा भेकेचा आणि पुन्हा कॉर्नरवरच. ऑगस्ट २०२५ मध्ये ताजिकिस्तानला आपण २–१ असे हरवले. ते दोन गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे, म्हणजे दोन्ही बचावपटूंचे. ज्यांनी घर राखायचे त्यांनीच बाहेर जाऊन कमावून आणायचे, अशी ही स्थिती आहे.

याची कट्ट्यावरची उत्तरे ठरलेली असतात. कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी खेळाडूंच्या शरीरयष्टीला. बहुतेक जण प्रशिक्षकाला दोष देतात. परंतु जून २०२४ मध्ये स्टिमाच गेले, त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले, ते जुलै २०२५ मध्ये गेले आणि ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. चौदा महिन्यांत तीन प्रशिक्षक झाले, तरी गोलांचा दुष्काळ हटला नाही. तेव्हा रोग दुसरीकडे कोठेतरी असला पाहिजे.

माझे वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत मोल्डिंगचे काम करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परंतु या प्रश्नावर मला सर्वांत चांगले उत्तर त्यांच्याकडूनच मिळाले. ते म्हणाले, "ओतलेला जॉब वरनं गुळगुळीत दिसतोय. मशीनवर घेतला की आत भोक सापडतंय. तवा मशीनवाल्याला शिव्या देऊन काय उपेग? भोक साच्यातच पडल्यालं असतंय." फुटबॉलचेही तसेच आहे. गोल हुकतो तो गोलपोस्टसमोर, सर्वांच्या देखत. परंतु दोष त्याआधी पुष्कळ वर्षे, साचा भरताना राहिलेला असतो.

तो साचा म्हणजे काय ते सांगतो. अकरा खेळाडूंत सेंटर फॉरवर्डचे काम सर्वांत निराळे असते. त्याची पाठ बहुधा गोलकडे असते, दोन बचावपटू अंगावर असतात आणि चेंडू येण्यापूर्वीच तो कोठे पडणार हे त्याला ओळखावे लागते. फुटबॉलमध्ये साधारणपणे दहा फटक्यांमागे एक गोल होतो. म्हणजे ज्याला गोल करायचा आहे त्याने नऊ वेळा हुकल्यावर दहाव्या वेळी तितक्याच विश्वासाने पाय उचलला पाहिजे. हा विश्वास प्रशिक्षकाच्या फळ्यावर शिकता येत नाही. त्यासाठी दर आठवड्याला, वर्षानुवर्षे, त्याच जागेवर खेळावे लागते. पोहायला पाणी लागते तसे फॉरवर्डला सामने लागतात.

आणि नेमकी हीच जागा आपल्या खेळाडूंना मिळत नाही. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा एका संघातून एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरत. २०१७–१८ च्या हंगामापासून ते पाच झाले आणि २०२१–२२ पासून चार. संख्या कमी झाली हे खरे. परंतु हे चार कोठे खेळतात? ज्या जागांवर सामना जिंकला किंवा हरला जातो तेथे, आणि त्यांत पहिली जागा सेंटर फॉरवर्डची. २०१४ पासून २०२४–२५ पर्यंत या लीगचे अकरा हंगाम झाले. सर्वाधिक गोलांचा मान एकाही हंगामात भारतीय खेळाडूला मिळाला नाही. २०२४–२५ मध्ये तो मोरोक्कोच्या अजराईने २३ गोल करून मिळवला. त्याच हंगामात भारतीयांमध्ये पुढे कोण होता? चाळीस वर्षांचा सुनील छेत्री!

छेत्रीने जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला, तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावे लागले, आणि आल्याबरोबर त्याने मालदीवविरुद्ध ९५ वा गोल केला. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु निवृत्त झालेल्या माणसाला हाक मारावी लागली, याचा अर्थ मागे रांगेत कोणी उभा नव्हता. खुद्द छेत्रीलासुद्धा बेंगळुरूच्या संघात मिकू या व्हेनेझुएलाच्या खेळाडूसाठी मधली जागा सोडून बगलेत खेळावे लागले होते. मनवीर सिंग हा मूळचा फॉरवर्ड, तोही क्लबकडून उजव्या बगलेत खेळतो. आठवडाभर बगलेत खेळलेल्या माणसाला देशाच्या सामन्यात एकदम मध्ये उभे केले, तर चेंडू समोर आल्यावर तो क्षणभर थबकणारच. त्या एका क्षणात बचावपटू पोहोचतो.

हे सारे मोठ्या क्लबांचे झाले. त्याचे पाझर खाली कोठपर्यंत येतात हे मी आमच्या घरात पाहिले.

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा आहे. दहाव्या वर्षापासून तो तालमीच्या मुलांत फॉरवर्ड खेळतो. गेल्या वर्षी एका निवासी प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीला तो गेला होता. तेथल्या प्रशिक्षकांनी त्याचा वेग पाहिला, दोन गोलही पाहिले आणि सांगितले, "लेफ्ट बॅक होणार असलास तर घेतो. पुढच्या जागेला मोठे क्लब बाहेरचेच खेळाडू घेतात. तुझं पुढं काही व्हायचं नाही." केंद्रात राहणे, जेवण, शाळा सर्व फुकट. आमच्यासारख्या घराला ही लहान गोष्ट नव्हे. त्या रात्री वडिलांनी मला विचारले, "तू शिकतोस न्हवं? मग सांग बघू, पोराला पुढं खेळू द्यायचं का मागं?" मी काही बोलण्यापूर्वीच भाऊ म्हणाला, "दादा, मागं खेळलो तर निदान घेतील तरी."

जूनमध्ये तो गेला. लेफ्ट बॅक म्हणून गेला. त्याचा निर्णय चुकला असे मला म्हणवत नाही, आणि त्या प्रशिक्षकांनाही मी दोष देत नाही. त्यांनी मुलाच्या भल्याचेच सांगितले. क्लबचा मालकही चुकत नाही. त्याला याच हंगामात जिंकायचे असते. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानेच वागतो, आणि या सर्व शहाणपणाची बेरीज केली की देशाला फॉरवर्ड उरत नाही. माझ्या मते खरे दुखणे हे आहे.

यात भर पडते ती आपल्या स्पर्धांच्या पद्धतीची. शालेय म्हणा, आंतरमहाविद्यालयीन म्हणा, आपल्याकडे पुष्कळ स्पर्धा बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की वर्ष संपले. अशा वेळी प्रशिक्षक साहजिकच आधी बचाव भक्कम करतात, आणि पुढे एकच मुलगा ठेवून लांब चेंडू मारायला सांगतात. त्या मुलाच्या वाट्याला सामन्यात दोन संधी येतात. दोन्ही हुकल्या की पुढच्या वर्षी तो मागे तरी जातो किंवा संघाबाहेर. साखळी पद्धतीने मुलाला वर्षाला वीस-पंचवीस सामने मिळाले, तर आज हुकलेला गोल त्याला पुढच्या रविवारी भरून काढता येईल.

भारतीय माणसाच्या अंगातच गोल करण्याची कला नाही असे ज्यांना वाटते त्यांनी थोडा इतिहास पाहावा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवले. त्यांतले तीन गोल नेव्हिल डिसूझा या फॉरवर्डचे होते. नेव्हिल मूळचे गोव्याचे, आणि मुंबईत टाटांच्या संघातून खेळत. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. १९६२ मध्ये जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत तर मौजच झाली. जर्नेल सिंग हे आपले आधारस्तंभ बचावपटू. त्यांच्या डोक्याला जखम झाली, तेव्हा प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्यांना चक्क सेंटर फॉरवर्ड केले. त्यांनी उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला आणि दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले. कोणी म्हणेल, मग आज भेके आणि झिंगन करतात तेच त्यांनी केले! पण फरक आहे. रहीमसाहेबांनी जर्नेल सिंगांना ती जागा पूर्ण सामन्यासाठी, विश्वासाने दिली. आपण आजच्या बचावपटूला फक्त कॉर्नरपुरते पुढे पाठवतो.

परदेशी खेळाडू नकोतच, असे माझे म्हणणे नाही. चांगल्याबरोबर खेळून माणूस सुधारतो. इंग्लंडच्या लीगमध्येही परदेशी खेळाडूंचा भरणा असतो आणि तरी इंग्लंड गोल करते. पण तेथे वरच्या लीगमध्ये जागा मिळाली नाही तर खाली व्यावसायिक संघांचे आणखी तीन विभाग आहेत. तरुण फॉरवर्ड तेथे हंगामभर खेळून तयार होतो आणि वर येतो. आपल्याकडे वरची जागा गेली की तो थेट बाकावर बसतो.

मग करावे काय? मोठ्या क्लबांना आपण सांगून उपयोग नाही. परंतु आपल्या हातातल्या तीन गोष्टी आहेत. पंधरा-सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धा शक्य तेथे साखळी पद्धतीने घ्याव्यात. मैदान नसेल तर अर्ध्या मैदानावर सात-सात जणांच्या घ्याव्यात, त्यात फटकेही अधिक मारायला मिळतात. दुसरे, कोल्हापुरातल्या संघांनीही परदेशी खेळाडू आणले आहेत. आणण्याला हरकत नाही, पण निदान सेंटर फॉरवर्डची जागा गावच्या मुलासाठी राखावी. तिसरी गोष्ट आपल्या कॉलेजपुरती. आपल्या आंतरवर्गीय सामन्यांची साखळी करायला खर्च येत नाही, फक्त जिमखान्याने वेळापत्रक तेवढे लांबवावे लागेल. यंदाच ते सुरू करावे अशी माझी विनंती आहे.

याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठीच्या भारतीय संघात फॉरवर्ड म्हणून होता. त्या स्पर्धेत भारताचा एकमेव गोल झाला तो जॅक्सन सिंग या मधल्या फळीतल्या खेळाडूचा, कोलंबियाविरुद्ध, आणि तोही कॉर्नरवरच. म्हणजे दुखणे तेव्हाही दिसत होते. आमच्या गल्लीत आज दहा वर्षांची मुले संध्याकाळी दोन विटांचा गोल मांडून खेळतात. त्यांतल्या प्रत्येकाला पुढेच खेळायचे असते. मागे उभे राहायला कोणी तयार नसते, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. फॉरवर्ड आपल्याकडे जन्मतात पुष्कळ. दहापासून अठरा वर्षांपर्यंत त्यांना त्या जागेवर टिकू दिले पाहिजे. ते होईपर्यंत कॉर्नर मिळण्याची वाट पाहणे आणि भेकेच्या डोक्यावर भरवसा ठेवणे, एवढेच आपल्या हाती आहे.