हात न लावता डॉक्टरला काय कळणार?

"नाडी बघितली नाही, नळी लावली नाही, नुसतं मोबाईलवर बोलून कसला डॉक्टर?" करमाळा, सांगोला, अक्कलकोट, कुठेही ई-संजीवनीचा, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा, विषय काढा, हे वाक्य ठरलेलं. शिकलेलेही तेच म्हणतात, तेव्हा जास्त चीड येते. मेडिकलवाल्याला लक्षणं सांगून गोळ्या घेताना ती नळी कुणालाच आठवत नाही!

आरोग्य उपकेंद्रात हा सल्ला घेताना रुग्ण एकटा नसतो. समोर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ असतात. बीपी, साखर, ताप तिथेच मोजतात आणि ते आकडे पाहून पलीकडचा डॉक्टर बोलतो. हात लागतोच, फक्त तो सीएचओंचा असतो. बीपीची गोळी वाढवायची की तीच ठेवायची, हे मनगट धरून नाही, नोंदींवरून ठरतं. पटत नसेल तर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलेली ब्रिटनमधली चाचणी पाहा. घरी मोजलेले आकडे पाहून ज्यांचं औषध ठरवलं, त्यांचं वरचं बीपी वर्षभराने, दवाखान्यातल्या मोजणीवर औषध ठरलेल्यांपेक्षा कमी निघालं. मग "तीच गोळी चालू ठेवा" एवढं ऐकायला करमाळ्याहून शंभरावर किलोमीटर एसटीने सोलापूरच्या सिव्हिलला यायचं आणि दिवसाची मजुरी बुडवायची, ती कशासाठी?

पोट दाबून पाहिल्याशिवाय कळत नाहीत असे आजार आहेतच. तिथे प्रत्यक्ष तपासणीलाच पाठवायचं, हे २५ मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक सूचनांत आहे.

बाकीचे समज किरकोळ. "हे कोरोनापुरतं होतं." नाही, ई-संजीवनी नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे कोरोनाआधीच सुरू झाली, फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात दहा कोटी सल्ले झाले होते. "पैसे लागतात." सल्ला मोफत आहे. "आमच्याकडे स्मार्टफोन नाही." उपकेंद्रात तो लागतच नाही. "ती चिठ्ठी चालत नाही." डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी वैध आहे, मात्र अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं अशी लिहून देता येत नाहीत.

एक समज उलट्या बाजूचा, आणि तो जिवावर बेतणारा: मोबाईलवर डॉक्टर आहे म्हणजे सगळं भागेल. छातीत कळ, सर्पदंश, अडलेली बाळंतीण, यासाठी ई-संजीवनी उघडत बसू नका. आधी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा.