दोन ग्राफिक्स कार्डांची विजोड जोडी

घरात संगणकावर खेळ खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर एक मागणी कधी ना कधी तुमच्या कानावर येणारच. "बाबा, मित्र त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात देतोय. आपल्या कार्डाशेजारी बसवलं की खेळ दुप्पट वेगानं चालेल." हिशेब बरोबर वाटतो. एक मजूर चार दिवसांत जे काम करील, ते दोघे दोन दिवसांत करतील, असे आपणही धरून चालतो. पण पैसे काढून देण्याआधी हे दोन मजूर काम कसे वाटून घेतात, ते पाहा.

पडद्यावरचा खेळ म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली चित्रे. ती तयार करण्याचे काम कार्डाचे. दोन कार्डे एकत्र जुंपण्याची कल्पनाही काही आजची नाही. १९९८ साली थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीने वूडू-२ कार्डांची जोडी आणली. पडद्यावरच्या आडव्या ओळींपैकी एक ओळ एका कार्डाने काढायची, पुढची दुसऱ्याने. पुढे ती कंपनी बुडाली आणि तिची विद्या एनव्हीडियाने विकत घेतली. २००४ मध्ये एनव्हीडियाने 'एसएलआय' नावाने आणि २००५ मध्ये एटीआयने 'क्रॉसफायर' नावाने अशाच जोड्या बाजारात आणल्या. एनव्हीडियाची अट कडक होती; दोन्ही कार्डांतली मुख्य चिप एकच हवी. एटीआयने एकाच कुळातली लहानमोठी कार्डे चालवून घेतली. एका कंपनीच्या कार्डाची दुसरीच्या कार्डाशी सोयरीक मात्र दोघींनाही मंजूर नव्हती.

ही अट केवळ धंद्याची नव्हती. साधे गणित करून पाहू. मोठे कार्ड एकटे सेकंदाला १०० चित्रे काढते, जुने ४० काढते. आता पाळीपाळीने एक चित्र याने, एक त्याने काढायचे ठरले. जुन्याची ४० होईपर्यंत मोठ्याचीही ४०च होणार, कारण दर चित्रामागे त्याला जोडीदाराची वाट पाहावी लागते. एकूण झाली ८०. म्हणजे खिशातून पैसे घालून १०० ची ८० केली!

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे विजोड बैल जुंपायचे असले तर जुवाचा नाडा मध्यावर न बांधता दांडग्या बैलाकडे सरकवतात; दुबळ्यावर भार कमी येतो. तसे इथे का करू नये? करता येते. १०० आणि ४० च्या जोडीला कामही पाचास दोन या प्रमाणात वाटून द्यायचे. २०१० मध्ये हायड्रा नावाची वाटणी करणारी चिप असलेला मदरबोर्ड बाजारात आला. त्यात दोन वैरी कंपन्यांची कार्डे शेजारी बसत. एखादा खेळ बरा चाले, एखादा अडखळे. मग २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आले आणि वेगवेगळी कार्डे एकाच कामाला लावण्याची सोय त्यातच झाली. 'अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' या २०१६ च्या खेळाने ती करूनही दाखवली.

पण वाटणीचा सारा भार आता खेळ बनवणाऱ्यावर आला. दोन कार्डे असलेली गिऱ्हाइके मूठभर. त्यांच्यासाठी महिनोन् महिने कोण राबणार? शिवाय नवे खेळ पुढचे चित्र काढताना आधीच्या चित्राचा आधार घेतात. ते चित्र शेजारच्या कार्डात असेल तर आधी ते मागवून घ्यावे लागते, आणि त्यात वाचवलेला वेळ जातो. २०२१ पासून एनव्हीडियाने आपल्या जुन्या कार्डांसाठी एसएलआयची नवी जुळणी करणेही थांबवले.

स्मरणशक्तीचीही बेरीज होत नाही. १२ जीबीचे आणि ६ जीबीचे कार्ड मिळून १८ जीबी होत नाहीत. दोघांनाही खेळाचे सामान आपापल्याकडे ठेवावे लागते.

मग जुने कार्ड निकामी का? तसेही नाही. त्याला वेगळे काम द्यावे. 'लॉसलेस स्केलिंग' नावाचा एक प्रोग्राम आहे. त्यात मोठे कार्ड खेळाची खरी चित्रे काढते आणि जुने कार्ड दोन चित्रांच्या मधले चित्र अंदाजाने भरते. इथे कंपनी वेगळी असली तरी अडत नाही. डोळ्यांना खेळ गुळगुळीत दिसतो. मात्र बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्याने जलद होत नाही, उलट किंचित उशीरच होतो. शर्यतीच्या किंवा गोळीबाराच्या खेळात मुले याच उशिराबद्दल कुरकुरतात. एरवी जुने कार्ड दुसरा पडदा चालवायलाही उपयोगी पडते.

आता खर्चाकडे वळू. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅट खाते, जीटीएक्स १०६० हे १२० वॅट. दोन्ही मिळून झाले २९०, आणि संगणकाचे बाकीचे भाग वेगळेच. त्यामुळे आतला पॉवर सप्लाय बदलावा लागण्याची शक्यता मोठी, आणि स्वस्तातले कार्ड तिथेच महाग पडते. दोन्ही कार्डे एनव्हीडियाची असली तर त्यांना ड्रायव्हरही एकच लागतो. जीटीएक्स १०६० च्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर मिळणे ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले. नव्या कार्डासाठी पुढचा ड्रायव्हर घातला की जुने उघडे पडते.

व्यवहार ठरवण्याआधी वीज बंद करून, ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो त्याची बाजूची पत्री उघडून पाहा. कार्ड बसवायची दुसरी खाच लांबीला पहिलीसारखीच दिसते, पण अनेक मदरबोर्डांत तिला १६ ऐवजी ४च वाटा जोडलेल्या असतात. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत ते छापलेले असते. आणि दोन कार्डांमध्ये बोटभर तरी मोकळी जागा उरते का, तेही बघा. ती नसेल तर वरच्या कार्डाचा पंखा खालच्याची गरम हवाच ओढत राहतो.